वाणात लुटलेलं प्रदर्शन

माझं पहिलं प्रदर्शन एका दुपारी दोन तासांत आटोपलं आणि त्यातली एकही कलाकृती शिल्लक राहिली नाही. मोहल्ल्यातल्या बायका नटूनथटून आल्या, प्रत्येकीने एकेक कलाकृती पदरात घेतली, तोंडात तिळाचा लाडू टाकला आणि हसत हसत घरी गेल्या. एवढा प्रतिसाद भल्याभल्यांना मिळत नाही! अडचण एवढीच होती की असं काही प्रदर्शन भरलंय हे मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी गोंदियाला खिळे आणायला गेलो होतो.

आधी आमचं घर सांगतो, म्हणजे कोणाचं किती चुकलं ते तुम्हीच ठरवा.

अर्जुनी मोरगावात बसस्टँडच्या मागे आमचं घर. बाबा स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी लागली, कुठली सुटली आणि कुठली आज येणारच नाही, हे माइकवर सांगण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे घरातही ते माइक हातात असल्यासारखेच बोलत. "लक्ष द्या! आजच्या वरणात मीठ नाही!" हे आजूबाजूच्या सगळ्या घरांना जेवायच्या आधी कळायचं. आईचं खातं वेगळं. तिला क्रोशाचा नाद. आमच्याकडे उघडी वस्तू म्हणून नव्हती. टीव्हीवर झालरीचं कव्हर, कव्हरावर रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीच्या गळ्यात विणलेली कॉलर. फ्रिज झाकलेला, मिक्सर झाकलेला, माठ झाकलेला. फोनवर तर इतकं घट्ट कव्हर की घंटी वाजली की आधी त्याचे कपडे काढावे लागत, आणि तोवर समोरचा माणूस कंटाळून फोन ठेवून देई.

अशा घरातून मी नागपूरला चित्रकला शिकायला गेलो. आपल्याला चित्र काढता येत नाही हे लक्षात आलं की माणूस संकल्पनेकडे वळतो. मी पहिल्याच वर्षी वळलो. पुढची चार वर्षं मी फक्त विचार केला (त्याचेही मार्क मिळतात, हे विशेष) आणि दाढी वाढवून गावी परत आलो. गावात तेव्हा मोबाइल नुकते आले होते आणि ज्यांच्याकडे होते ते खिशाबाहेर काढूनच फिरत. मला मात्र मोबाइलपेक्षा आमच्या टीव्हीचं कव्हर बघून कंप सुटला. आपण वस्तू वापरतो की नुसत्या झाकतो? केवढा प्रश्न! आणि आजवर कोणालाच पडलेला नव्हता!

मी धावत स्वयंपाकघरात गेलो.

"आई, मले क्रोशा शिकव."

आईने हातातली कढई खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काऊन रे? नागपूरले काही झालं का?"

"कलेसाठी पाहिजे."

"पोट्टीनं लगनाले नकार देल्ला का तुले?"

"कोणती पोट्टी? कलेसाठी, आई!"

शेवटी तिने शिकवला. आणि सांगतो, मला तो जमला! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला काहीतरी जमलं. मी सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून विणायला लागलो. ज्या वस्तूंना कोणी कधी झाकत नाही अशा वस्तूंना मी कव्हरं विणली. विटेला विणलं, कांद्याला विणलं, उडालेल्या बल्बला, कुलपाला, बिडीच्या बंडलाला, खराट्याला आणि एका पायाच्या चपलेला विणलं. मग ते तांदळाच्या खळीत बुडवायचं (धानाच्या मुलखात खळीला काय तोटा!), उन्हात वाळवायचं आणि कडक झालं की आतली वस्तू काढून घ्यायची. वस्तू गेली, झाकण उरलं! आत नुसती पोकळी! माझं मलाच भरून यायचं.

बाबा ड्युटीवरून आले की ओट्यासमोर उभे राहत.

"हे का होय?"

"कांदा आहे, बाबा. म्हणजे कांद्याचं असणं."

"कांद्याले स्वेटर घालून राहिला का तू?"

"कांदा आत नाहीच आहे."

"मंग कोठी गेला?"

"आईने भाजीत घातला."

"चला, तेवढा तरी कामी आला," असं बाबा म्हणत आणि पाय धुवायला जात.

आईची तऱ्हा आणखी वेगळी. तिला प्रत्येक कव्हर कशाला तरी घालून बघायचं असे. "हे रिमोटले बसते का पाहू," म्हणून ती चपलेचं कव्हर उचलायची आणि मी किंचाळायचो, "आई, त्याचा उपयोग करायचा नाही! याचा काही म्हणजे काहीच उपयोग नाही, हीच तर कला आहे!" हे वाक्य मी तिला सकाळ-दुपार-संध्याकाळ ऐकवलं. आईची स्मरणशक्ती फार चांगली आहे.

असे साठ-सत्तर नग झाले तेव्हा बाबांनी एका संध्याकाळी मला समोर बसवलं. गोंदियाला माझ्या मामाची राईस मिल आहे. मामाने माझ्यासाठी दिवाणजीची गादी रिकामी ठेवली होती आणि ती किती दिवस रिकामी ठेवू, असा त्याचा फोन आला होता.

"लक्ष दे," बाबा म्हणाले. "तू मुंबईच्या त्या प्रदर्शनं भरवणाऱ्या मॅडमले या कव्हरांचे फोटो पाठवले ना? तिनं तुह्या नावानं प्रदर्शनात घेतलं तं जन्मभर कांदे झाकत बस, मी एक शब्द बोलणार नाही. नाही घेतलं तं सोमवारी मिलवर. मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. मिल म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. सकाळपासून भुशाची धूळ, कोंड्याची धूळ, त्या धुळीत मामा, आणि मामाच्या समोर मी! मला कोंड्याने सटासट शिंका येतात. खरं सांगतो, मला फार भीती वाटली. ही साठ-सत्तर कव्हरं गेली तर माझ्याकडे दाखवायला दाढीशिवाय काही नव्हतं.

आणि नेमका मॅडमचा फोन आला! (कव्हर मी आधीच काढून ठेवलं होतं.) त्या म्हणाल्या, "फोटो छान आहेत. मी तशीही नवेगावबांधला पक्षी बघायला येतेय. गुरुवारी सकाळी तुमचंही काम बघून घेते." म्हणजे पाणकोंबडीनंतर माझा नंबर होता, पण नंबर होता! मी खोलीत सगळी कव्हरं खोक्यांत नीट भरून ठेवली आणि बुधवारी खिळे, काळा दोरा आणि दिवे आणायला गोंदियाची गाडी पकडली.

बुधवारी दुपारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ते मला माहीत होतं. पुरुषांनी त्या वेळी घरात थांबायचं नसतं, म्हणून तर मी खिळ्यांसाठी तोच दिवस निवडला. आईने वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, घरटी एक, नेहमीच्या बायकांच्या हिशोबाने.

संध्याकाळी परत आलो. घरात अत्तराचा वास, सतरंजीवर सांडलेले हलव्याचे दाणे, आई दमून पण खुशीत भिंतीला टेकून बसलेली. मी खोलीत गेलो. खोकी होती. त्यांत काही नव्हतं. आता माझं काम पोकळीचंच असल्यामुळे मला क्षणभर वाटलं की आहे तेवढंच आहे. मग मी आत हात घातला.

"आई! खोक्यातलं कुठंय?"

"वाटलं ना बापा."

"काय वाटलं?"

"अरे, वाण वाटलं! मास्तर कॉलनीतल्या बाया आल्या, बँकेतली बाई तिची नणंद घेऊन आली, अन् गाळण्या सरल्या. सवाष्ण बाई दारातून रिकाम्या हातानं पाठवू का मी?"

"म्हणून माझं काम वाटलं? माझी कला?"

"तूच तं म्हणे का याचा काहीच उपयोग नाही," आई शांतपणे म्हणाली. "वाणात तसलंच देत असतेत. माह्याकडे गेल्या साली आलेल्या साबणदान्या पाह्य ना, एक तरी वापरली का मी?"

चार वर्षं कलेचा विचार केलेला माणूस मी, खोकं उलटं करून झटकत राहिलो. मग रडू आलं. मग राग आला. मग मी बाबांना हाक मारली.

बाबांनी सगळं ऐकलं आणि घर हादरवलं. "लक्ष द्या! सकाळच्या पहिल्या गाडीआधी सगळा माल वापस जमा झाला पाहिजे! पम्या, घरोघरी जा, अन् मागून आण!"

"खुशाल मागा," आई म्हणाली. "देल्लेलं वाण कोणी वापस मागत नसते. मागितलं तं देणारीच्या नवऱ्यावर येते म्हणतेत."

देणारीचा नवरा म्हणजे बाबाच. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, अर्धा रिकामा केला आणि पहिल्यांदाच माइकशिवाय बोलले, "पम्या, वाण मागायचं नाही."

तेवढ्यात मागच्या दाराने रामटेके काकू आल्या. आईची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धवंदना, हळदीकुंकवाशी त्यांचं घेणंदेणं नाही, पण तिळाच्या लाडवाला आणि गप्पांना त्यांची हजेरी ठरलेली. गाळण्या सरल्यावर आल्या तरी आईने त्यांनाही वाण दिलं होतंच.

"कायले रडून राहिला रे पोट्टा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "एवढंच ना? माह्यावालं घेऊन जा. माह्या घरच्या माणसाले काही होत नाही, तो नास्तिक आहे." मग त्यांना आठवलं. "पण थे आता नातवानं कुत्र्याच्या पिल्लाले घातलं."

आम्ही त्यांच्या अंगणात गेलो. माझी वीट समोरून शेपूट हलवत पळत गेली.

"मागू नको," काकूंनी सल्ला दिला. "पाह्यले आलो म्हण. पाह्यले कोणाची मनाई आहे?"

सल्ला पटला. मी नुसता बघायला निघालो. कमीत कमी कोणती कलाकृती कुठे आहे ते तरी कळेल, पुढचं पुढे!

पहिलं घर किराणावाल्या भाभींचं. भाभी अतिशय सोवळ्या. त्यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही, दुकानात कांद्याचं पोतं असलं तरी ते रस्त्याच्या बाजूला. मला बघताच त्या आनंदाने देव्हाऱ्याकडे घेऊन गेल्या. "आओ भैया, देखो तो सही!"

देव्हाऱ्यात लड्डू गोपाळ बसले होते आणि त्यांच्या अंगात माझा कांदा होता.

"ठंड कितनी है इस साल! मैं सोच ही रही थी कि भगवान को क्या पहनाऊँ, और आपकी मम्मी ने ये दे दिया. एकदम फिट! बाजार में ऐसा नाप नहीं मिलता. किसका नाप लिया था, भैया?"

"अंदाजे से लिया, भाभी."

"हाथ में भगवान का वास है आपके!"

भाभींनी मला प्रसाद दिला. मी देवाला नमस्कार केला, कांद्यालाही केला आणि बाहेर आलो. आता हे कोणत्या तोंडाने परत मागायचं?

पुढे तर कहरच. लंजेवार गुरुजींनी बिडीच्या बंडलाचं कव्हर शर्टाच्या खिशाला पिनने लावून त्यात नवा मोबाइल ठेवला होता. बँकेतल्या बाईंच्या तान्ह्या पोराच्या डोक्यावर उडालेला बल्ब होता आणि तो त्याला दिसतही गोड होता. बुराडे आजोबांनी खराटा एका पायात गुडघ्यापर्यंत चढवला होता. "लय गरम लागते बेटा," ते म्हणाले आणि दुसऱ्या पायाची ऑर्डर दिली. कुलपाचं कव्हर ज्यांना मिळालं त्यांनी ते चक्क कुलपाला घातलं होतं आणि कुलूप कुठे गेलं म्हणून अख्खं घर दाराबाहेर उभं होतं. एका वहिनींनी तर कमालच केली. आमच्याकडून गेल्या गेल्या त्यांच्याकडे स्वतःचं हळदीकुंकू होतं. आमच्याकडे मिळालेलं वाण त्यांनी तिथे पुढे सरकवलं होतं. ते घेऊन त्यांची मावसबहीण वडशाच्या गाडीत बसली होती. गाडी वेळेवर सुटल्याचं खुद्द बाबांनीच जाहीर केलं होतं!

मी घरी येऊन सतरंजीवर आडवा झालो. नाकात आत्तापासूनच कोंडा गेल्यासारखं वाटत होतं.

सकाळी मात्र मला एक युक्ती सुचली. (अशा युक्त्या सुचल्या की मी एक ग्लास पाणी पिऊन झोपून जायला हवं, पण तेव्हा अनुभव नव्हता.) मॅडमना सांगायचं की हे काम खोक्यात बघायचं नसतंच! हे गावभर मांडलंय! लोकांच्या घरात, लोकांच्या डोक्यावर, पायावर, खिशावर! पोकळी कलाकाराने द्यायची आणि ती समाजाने भरायची! मी हे बाबांना समजावून सांगितलं. बाबांना पोकळी कळली नाही, पण मॅडम घरोघरी जाणार एवढं कळलं. त्यांचा चेहरा उजळला. मुलासाठी काहीतरी करायची त्या बिचाऱ्या माणसाची फार इच्छा होती. ते तडक स्टँडवर गेले आणि माइक हातात घेतला.

"लक्ष द्या! लक्ष द्या! मुंबईहून आलेल्या प्रदर्शनाच्या मॅडम आज आपल्या मोहल्ल्यात घरोघरी भेट देऊन राहिल्या आहेत! सर्व भगिनींनी नोंद घ्यावी! साकोली गाडी लागलेली आहे!"

मॅडम नवेगावबांधच्या गाडीने उतरल्या. बारीक कापलेले केस, गळ्यात दुर्बीण, पायात चिखलाचे बूट. मी माझी थियरी सांगितली. त्यांनी दुर्बीण बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही वस्तू काढून घेतल्या, आणि लोकांनी आपापल्या वस्तू घातल्या? अहो, हे तर फारच मजेशीर आहे. चला, चला!"

माझी छाती फुगली. आम्ही भाभींच्या दारात गेलो. देव्हाऱ्यात लड्डू गोपाळ जरीच्या लाल मखमलीत झगमगत होते. कांदा गायब!

"भाभी, वो कल वाला?" मी हळूच विचारलं.

"अरे भैया! मुंबई से मेहमान आए, और मैं भगवान को वो पुराना सूती पहनाऊँ? लाज नहीं आएगी मुझे?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबांची अनाउन्समेंट! पाहुणी येणार म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईने पहाटेपासून घर आवरलं होतं आणि आवरताना सगळ्यात आधी काय लपवलं असेल? माझी कला! गुरुजींच्या खिशाला आता बाजारातलं रेक्झिनचं पाकीट होतं. बँकेतल्या बाईंच्या बाळाला लोकरीची टोपी होती. बुराडे आजोबा दोन्ही पायांत मोजे घालून, केस विंचरून, खुर्चीत फोटो काढायला बसवल्यासारखे बसले होते. मॅडम प्रत्येक घरात दुर्बीण सावरत इकडेतिकडे बघायच्या आणि मला विचारायच्या, "इथे कुठे आहे?" मी म्हणायचो, "पुढच्या घरी आहे." पुढच्या घरी त्यांना पोत्यावर दोऱ्याने भरलेले पोपट, वायरच्या पिशव्या आणि मण्यांचं हरीण दाखवण्यात आलं.

"प्रमोद," पाचव्या-सहाव्या घरानंतर त्या थंडपणे म्हणाल्या, "तुमची कला मला एकदाच का होईना, दिसणार आहे का? नाहीतर दुपारचे पक्षी तरी बघते."

संपलं. मला मिलचा पट्टा फिरताना ऐकू यायला लागला.

पण मॅडम उठणार इतक्यात त्या घरातल्या वहिनी गडबडीने पुढे आल्या. "असं कसं जाता? हळदीकुंकू घ्या!" रथसप्तमी व्हायची होती, म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस चालूच. मॅडम म्हणाल्या, माझं लग्न झालेलं नाही. सोबत आलेल्या आईने जागच्या जागी निकाल दिला, "पाहुणी आहे, चालते." कुंकू लागलं, लाडू आला, आणि आता वाण! पाहुणी अवचित आलेली, घरात वाण शिल्लक नाही. वहिनींनी घरभर नजर फिरवली. गेली तरी चालेल अशी, घरातली सगळ्यात बिनकामाची वस्तू कोणती? त्या कपाटाकडे गेल्या आणि मागे लपवलेलं चपलेचं कव्हर काढून त्यांनी मॅडमच्या ओंजळीत ठेवलं.

मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. बातमी पुढे धावली की मुंबईच्या मॅडमला हे विणलेलं आवडतं. ज्या घरी आम्ही आधी जाऊन आलो होतो तिथल्या बायकाही वाण घेऊन मागून पळत आल्या! प्रत्येकीला ती अडगळ खपवायची नामी संधी मिळाली होती. गुरुजींनी रेक्झिनच्या पाकिटामागची पिन काढून बंडल दिलं. बुराडे आजोबांनी मोज्याच्या आत खराटा घातलेलाच होता. सुनेने तो ओढून काढला तेव्हा ते "अरे, थांब ना व!" म्हणून ओरडत होते. रामटेके काकूंनी वीट धुऊन आणली, ती ओली, निथळत होती आणि मागून पिल्लू उघड्या अंगाने भुंकत आलं. भाभींनी कांदा लाल कापडात बांधून दिला. "भगवान का पहना हुआ है, प्रसाद समझिए."

मॅडमनी तो नाकाजवळ नेला. "याला कांद्याचा वास येतोय का हो?"

"माझा हात!" मी ओरडलो. "माझा हात धुवायचा राहिलाय!"

घरी येऊन मॅडम सतरंजीवर बसल्या आणि सगळी कव्हरं समोर मांडली. वडशाला गेलेलं सोडलं तर झाडून सगळी परत आली होती, कोणीही न मागता. त्यांचे डोळे चकाकत होते. "दिलं, वापरलं, लपवलं, पुन्हा दिलं! वस्तू माणसांतून फिरून आली! मला सांगा, ही वाटून टाकायची कल्पना कोणाची?"

मी तोंड उघडलं. पण आमच्या घरात बाबांच्या आधी बोलणं कोणाला जमलंय?

"लक्ष द्या! वाटायची कल्पना आमच्या मिसेसची!"

"माही कायची कल्पना बाप्पा," आई लाजली. "गाळण्या सरल्या."

"गाळण्या सरल्या," मॅडम हळूच म्हणाल्या. मग डोळे मिटून पुन्हा एकदा म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कव्हरं त्यांनी सोबत नेली (त्यांचं वाण होतं, मागता येईना!) आणि आठवडाभरात फोन आला की काम प्रदर्शनात घेतलंय, सगळ्यांनी मुंबईला यावं. आईने पुन्हा लाडू केले. बाबांनी मला मिठी मारली, तीही मोठ्या आवाजात. मामाला थांबायला सांगितलं. आम्ही तिघं नवे कपडे घालून मुंबईत त्या पांढऱ्या भिंतींच्या दालनात शिरलो आणि भिंतीवरची पाटी बाबांनी दालनाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी वाचली.

"गाळण्या सरल्या! कलाकार, सौ. कमलाबाई! विणकाम साहाय्य, प्रमोद!"

आईभोवती ही गर्दी! एका चष्मेवाल्या गृहस्थांनी अदबीने विचारलं, "बाई, या कामामागचा विचार काय?" आई म्हणाली, "याचा काही उपयोग नाही जी." लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी ते वाक्य वर्षभर बोलत होतो, तेव्हा कोणी टाळी सोडाच, जेवायलाही लवकर वाढलं नव्हतं.

बाबांनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, पण माणूस नियमाचा. "लक्ष दे बेटा. तुह्या नावानं म्हटलं होतं मी. साहाय्य म्हणजे नाव नाही."

सोमवारी मी मिलवर हजर झालो. दिवाणजीची गादी तोवर मामीच्या भावाला गेली होती. मामाने कामगारांशी ओळख करून दिली, "हा माझा भाचा. याची आई मुंबईतली मोठी कलाकार आहे." एकाने विचारलं, "अन् हा का करते?" मामाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या हातात दाभण आणि सुतळी दिली आणि तांदळाच्या पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. शिंकत शिंकत मी पहिलं पोतं शिवून पूर्ण केलं, त्याच्यावर हात ठेवला आणि खरंच सांगतो, मला गहिवरून आलं. माझ्या साऱ्या कारकिर्दीतलं, आत काहीतरी असलेलं, ते पहिलंच काम होतं.